निश्चिंत की निष्काळजी?

मडगावच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, ओळखीच्या ख्रिस्ती घरी आजारपणानिमित्त झालेल्या प्रार्थनेस त्या गेल्या असता, ‘सगळा हुस्को (कोकणीत चिंता) प्रभूवर टाका आणि निष्काळजी राहा’ असे कोणीतरी मराठीतून म्हणाले आणि ते त्यांच्या कानाला खटकले. परंतु चिंता आणि काळजी हे समानार्थी शब्द असतील, तर ‘निश्चिंत’ चालतो आणि ‘निष्काळजी’ का चालत नाही?

बोलणाऱ्याचा भाव निर्मळ होता, शब्द मात्र चुकला; आणि मला वाटते, ज्या बायबल-वचनावरून ते वाक्य आले असावे, त्याच्या गाभ्यालाच ही चूक धक्का लावते.

चिंता हा ‘चिंत्’ म्हणजे विचार करणे या धातूपासून आलेला शब्द. ती आपण करतो, ती आपल्याला लागते, पण कोणी कोणाची ‘चिंता घेत’ नाही. काळजीचे तसे नाही. काळजी करतात आणि काळजी घेतातही. काळजी करणे मनात चालते आणि मनालाच पोखरते. काळजी घेणे हातापायांनी होते आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडते. ‘निष्काळजी’ म्हणताना मराठी माणसाला हे घेणेच नाहीसे झालेले दिसते, म्हणून तो शब्द दूषण ठरला. ‘बेफिकीर’ची गतही तीच झाली. उलट ‘बिनघोर’ हा शब्द मात्र ‘निश्चिंत’च्या बाजूला राहिला, कारण जिवाला घोर लागतो, तो कोणी कोणाचा घेत नाही. कोकणीत मनाला लागतो तो हुस्को आणि घ्यायची ती जतनाय, असे दोन शब्द असल्यामुळे गोव्यातल्या माणसाकडून मराठी बोलताना अशी गफलत होणे अगदी स्वाभाविक आहे.

प्रार्थनेतल्या त्या वाक्यामागे बहुधा बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील सातवे वचन असावे. आपली सर्व चिंता देवावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो, असा त्याचा आशय आहे. मूळ ग्रीकमध्येही येथे दोन वेगळे शब्द आहेत : टाकायची ती ‘मेरिम्ना’, आणि देवाला आपली आस्था आहे हे सांगणारे क्रियापद निराळे. ‘टाका’ यासाठी जे क्रियापद आहे, तेच लूकच्या शुभवर्तमानात शिष्यांनी शिंगरावर आपली वस्त्रे टाकली, तेथे आले आहे. म्हणजे येथे टाकणे हे टाकून देणे नव्हे; ‘घर तुमच्यावर टाकून निघालो’ असे आपण म्हणतो, त्यातले हे विश्वासाने सोपवणे आहे. आणि लगेच पुढच्या, आठव्या वचनात आज्ञा आहे ती सावध असण्याची, जागे राहण्याची. चिंता टाकलेल्या माणसाला लगोलग जागे राहायला सांगणारे हे पत्र त्याला निष्काळजी व्हायला कसे सांगेल?

बायबलमधल्याच पौलाच्या एका पत्रात तर शब्द एकच असूनही हा भेद उघड होतो. फिलिप्पैकरांना तो कशाविषयीही चिंता करू नका, प्रार्थनेने आपली मागणी देवाला कळवा, असे चौथ्या अध्यायात सांगतो. आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तीमथ्याची वाखाणणी करताना, तो तुमची मनापासून काळजी करील, असे म्हणतो. दोन्ही ठिकाणी ग्रीक क्रियापद एकच आहे. एकाच शब्दात घोर आणि जिव्हाळा दोन्ही सामावण्याची ही रीत आपल्या ‘काळजी’च्या फार जवळची आहे.

माझे वडील गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) दाखल होते, तेव्हा आई रात्री खाटेशेजारी बसून प्रार्थना करीत असे, आणि वडिलांच्या औषधांच्या वेळा तिने एकदाही चुकवल्या नाहीत. वडिलांचे काय होणार, हे तिने देवावर सोपवले होते; त्यांना वेळेवर पेज भरवणे तिने कोणावरही सोपवले नाही. तिला निष्काळजी म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती, पण निश्चिंत ती होती, हे मी जवळून पाहिले आहे.

म्हणून वाचक भगिनींनी ‘प्रभूवर भार टाका आणि निश्चिंत राहा’ असे म्हणावे; ‘काळजी’ हाच शब्द हवा असेल, तर ‘काळजी करू नका’ एवढे पुरे. घरगुती बोलण्यात ‘बिनघोर राहा’ मला अधिक गोड वाटते, कारण त्यात बायबलमधल्या चौथ्या स्तोत्राच्या शेवटी स्वस्थपणे आडवा होऊन झोपी जाणारा माणूस दिसतो.