पूर्व आफ्रिकेचा ‘समुदाय’ की ‘महासंघ’?

केनिया, युगांडा, टांझानिया वगैरे देशांच्या गटाला बातम्यांत कुणी पूर्व आफ्रिकी समुदाय लिहितं, कुणी संघ, कुणी महासंघ, तर नक्की बरोबर काय, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, समुदायच लिहा आणि महासंघ तर अजिबात नको, कारण महासंघ म्हटलं की फेडरेशन, म्हणजे अनेक देशांचं मिळून एकच राज्य, असं वाटतं आणि अर्थच बदलतो. त्यांच्या १९९९ च्या करारातच पायऱ्या ठरलेल्या आहेत, आधी कस्टम्स युनियन (आपसात आयातशुल्क नाही, बाहेरच्या मालाला सगळीकडे सारखंच), मग कॉमन मार्केट (माणसं, माल, भांडवल यांना मोकळी ये-जा), मग एकच चलन आणि सगळ्यात शेवटी राजकीय फेडरेशन. पहिल्या दोन २००५ आणि २०१० मध्ये सुरू झाल्या, चलनाच्या करारावर २०१३ ला सह्या झाल्या तरी केनियाचा शिलिंग वेगळा नि टांझानियाचा वेगळाच आहे, आणि फेडरेशन तर झालेलंच नाही. रवांडाने २०१९ मध्ये युगांडाला लागून असलेली गाटुनाची सीमा बंद केली ती २०२२ मध्ये उघडली, आणि या सगळ्या काळात दोघंही सदस्यच होते, महासंघात असं चाललं असतं का?

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. स्वाहिलीत याचं नाव ‘जुमुइया या आफ्रिका मशारिकी’. जुमुइया हा शब्द अरबीतून आलाय, आणि ज्या धातूपासून तो आला त्यातूनच आपल्याकडे फारसीमार्गे जमा, जमात हे शब्द आले, म्हणजे समुदाय हा अर्थ मुळातच त्यात आहे. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांचं ‘उजामा’ हे समाजवादी धोरणही याच घरातलं, स्वाहिलीत जामा म्हणजे नातलग, कुटुंब. आणि वाईट याचं वाटतं की १९६७ ला स्थापन झालेला पहिला समुदाय १९७७ मध्ये मोडला त्यात उजामाचा समाजवाद आणि केनियाची खासगी भांडवलाची वाट यांचं न जुळणं हे एक मोठं कारण होतं, शिवाय युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्यासोबत बैठकीला बसायलाच न्येरेरे तयार नव्हते. फेडरेशनला स्वाहिलीत वेगळा शब्द आहे, ‘शिरिकिशो’, तो आपल्या ‘शरीक’चा भाऊबंद, म्हणजे तिथले लोकही दोन्हींत गल्लत करत नाहीत.

कॉमन मार्केटला सामाईक बाजारपेठ म्हणा, सातबाऱ्यावरच्या सामाईक विहिरीसारखं लगेच कळतं. २०१७ मध्ये फेडरेशनच्या आधीचा टप्पा म्हणून त्यांनी कॉन्फेडरेशन, म्हणजे प्रत्येक देश सार्वभौम ठेवणारा सैल संघ, ठरवलं, त्याला मी राज्यसंघ लिहीन, आणि संघराज्य हा शब्द फेडरेशनसाठी राखून ठेवीन.