गरम पाण्यावर वीज की आमसुलं?

प्रश्न: उन्हवऱ्याजवळ (ता. दापोली) आमची जागा आहे. बोअरला 65 अंशांचं पाणी लागलंय, सेकंदाला साधारण लिटरभर. एक जण त्यावर विजेचा संच 30 लाखांत बसवून देतो म्हणतो. निवृत्तीचे पैसे आहेत. घालू का?

उत्तर: काका, घालू नका.

पाणी 65 वरून 45 अंशांवर आणलं की 84 किलोवॅट उष्णता सुटते. पण एवढ्याशा तापमानाला त्यातली जेमतेम पाच टक्के विजेत उतरते. म्हणजे 4 किलोवॅट, त्यातला एक पंपच खाणार. उरलेल्या तिनाचे दिवसाला 72 युनिट. दहा रुपये युनिट धरलं आणि संच एक दिवसही बंद पडला नाही, तरी वर्षाला 2 लाख 63 हजार. पावणेनऊ टक्के, तेही देखभाल सोडून! शिवाय एफडीत मुद्दल परत मिळतं, इथे शेवटी भंगार. तो माणूस अलास्कातल्या चेना या गरम झऱ्यांच्या ठिकाणाचा दाखला देईल. तिथे 2006 पासून 74 अंशांच्या पाण्यावर वीज होते हे खरं. पण तिथे संच थंड करायला बर्फासारखं पाणी आहे आणि आधी वीज महागड्या डिझेलवर व्हायची. आपल्याकडे मे महिन्यात विहिरीचं पाणीही कोमट, म्हणजे वीज आणखी कमी.

तीच उष्णता माल वाळवायला थेट वापरली तर? अर्धी वाया गेली तरी आठ तासांत 19 किलोच्या दीड गॅस सिलिंडरचं काम होतं. 1,800 चा भाव धरा : रोजचे 2,700.

फक्त वाळवायला माल हवा. तुमच्याकडे कोकम असेलच. आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) बुडवून वाळत घातलेली सोलं एका वळवाच्या सरीत बुरसतात, तो माल इथे वाचेल. पण एवढ्या उष्णतेला रोज तीनेकशे किलो ओला माल लागेल, आणि हंगाम दीड-दोन महिन्यांचा. शेजाऱ्यांचा माल भाड्याने वाळवून दिलात तरच गणित बसेल. शेड वर्षातले दहा महिने रिकामी राहिली तर हेही नुकसानच.

म्हणून या हंगामात दोन लाखांच्या आत वाळवणीची एक छोटी खोली करा. पाण्याला गंधकाचा वास असेल तर तांब्याची नळी नको, काळी पडून सडते, स्टेनलेस घ्या. बाकीचे 28 लाख आहेत तिथेच राहू द्या. आणि बोअरमुळे गावच्या गरम पाण्याच्या कुंडाचं पाणी कमी होणार नाही ना, हे खर्चाआधी ग्रामपंचायतीशी बोलून घ्या.