एसव्हीजी नकाशातल्या जिल्ह्यांना सीएसएसने रंग का लागत नाही?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचा एसव्हीजी नकाशा (कोडने लिहिलेलं रेषांचं चित्र) आयएमजी टॅगने पानावर लावलाय, स्टाइलशीटमध्ये (सीएसएसच्या, म्हणजे रंगरूपाच्या नियमांच्या फाइलमध्ये) पाथला, म्हणजे जिल्ह्याच्या आकाराला, फिल (आतला रंग) दिलाय, हॉवरही (माउस वर नेल्यावरचा बदल) लिहिलाय, पण नकाशा ढिम्म. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून फाइलमधला सगळा कोड थेट एचटीएमएलमध्ये चिकटवला, तर निम्म्या जिल्ह्यांना रंग लागला, निम्मे होते तसेच राहिले, आणि वर हेडरमधल्या लोगोचा रंग मात्र बदलला.

हे तिन्ही प्रकार मी स्वतः भोगलेत. तिघांची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो. (कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाका.)

आधी आयएमजी. त्या टॅगने आणलेली एसव्हीजी ब्राउझरच्या लेखी फोटोच असते. आत पाथ असोत, ग्रुप असोत, ते तुमच्या पानाच्या झाडाला (त्यातल्या टॅगांच्या रचनेला) जोडलेच जात नाहीत, त्यामुळे तुमच्या स्टाइलशीटमधल्या सिलेक्टरला (नियम कोणाला लावायचा ते सांगणाऱ्या भागाला) तिथे काही सापडतच नाही. बॅकग्राउंड-इमेज म्हणून लावलेल्या एसव्हीजीचंही तेच. अशा फाइलमधली स्क्रिप्ट चालत नाही आणि तिला बाहेरून दुसरी फाइलही मागवता येत नाही. आत वेबफाँटची लिंक असली तरी तो फाँट येत नाही आणि जिल्ह्यांची नावं भलत्याच वळणात दिसतात. फाइल एकटी टॅबमध्ये उघडली की सगळं नीट दिसतं, म्हणून माणूस जास्तच गोंधळतो.

फाइलच्या आत लिहिलेला स्टाइल ब्लॉक मात्र चालतो, अ‍ॅनिमेशनसुद्धा. त्यातली मीडिया क्वेरी स्क्रीनची रुंदी मोजत नाही, त्या चित्राला पानावर मिळालेली रुंदी मोजते. म्हणजे लोगो लहान जागेत लावला की अक्षरं गायब आणि नुसतं चिन्ह शिल्लक, असं लोगोच्या फाइललाच शिकवून ठेवता येतं. मला ही सोय फार आवडते, पण वापरताना कोणी दिसत नाही.

ऑब्जेक्ट टॅग हा मधला मार्ग वाटतो. तिथे आत पूर्ण वेगळा दस्तऐवज असतो. हॉवर चालतो, पण तो लिहायचा त्या फाइलच्या आत. बाहेरचं सीएसएस तिथेही पोचत नाही. तुम्हाला जिल्ह्यावर बोट ठेवलं की शेजारच्या तक्त्यातली ओळ उजळायला हवी आहे, तर नकाशा पानात इनलाइनच टाका. लोगोसाठी आयएमजी ठीक. एकरंगी आयकॉनसाठी इनलाइन करून फिलला करंटकलर द्या, म्हणजे बटणातल्या अक्षरांचा जो रंग तोच आयकॉनचा. आयकॉन बाहेरच्या फाइलमध्येच ठेवायचा असेल, तर तो मास्क-इमेज म्हणून लावायचा आणि बॅकग्राउंड-कलर बदलायचा. फिल्टरमध्ये ह्यू-रोटेटचे आकडे फिरवून रंग जुळवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या चिकाटीला नमस्कार, पण तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

आता निम्म्या जिल्ह्यांचं कोडं. तुमची फाइल एडिटरमध्ये उघडा आणि रंग न लागलेल्या एखाद्या पाथकडे नीट बघा. रंग तीन ठिकाणी लिहिलेला असू शकतो. एक, साधा फिल अ‍ॅट्रिब्यूट. दोन, पाथवरच्या स्टाइल अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. तीन, फाइलच्या सुरुवातीच्या स्टाइल ब्लॉकमध्ये, क्लासच्या नावाने. दिसायला सगळं सारखंच, पण वजन फार वेगळं.

फिल अ‍ॅट्रिब्यूटला कॅस्केडमध्ये (दोन नियम भांडले तर कोण जिंकतो ते ठरवणाऱ्या पद्धतीत) जवळजवळ काहीच वजन नाही. त्याची स्पेसिफिसिटी (नियमाचं वजन) शून्य धरतात आणि तो तुमच्या स्टाइलशीटच्या आधी लिहिलाय असं मानतात. म्हणून नुसता ‘पाथ’ हा सिलेक्टरही त्याच्यावर मात करतो. स्टाइल अ‍ॅट्रिब्यूटचं उलटं: तो तुमच्या साध्या नियमांना बधत नाही, तिथे इम्पॉर्टंट (नियमाला जास्त वजन देणारी खूण) लावावं लागतं. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर सहसा रंग स्टाइल अ‍ॅट्रिब्यूटमध्येच लिहितं. माझा अंदाज असा की तुमच्या नकाशात मूळ पाथ एका सॉफ्टवेअरमधून आलेत आणि नंतर कोणीतरी दुसऱ्यात उघडून काही जिल्हे दुरुस्त केलेत. ते दुरुस्त केलेलेच तुमचं ऐकत नाहीयेत. इम्पॉर्टंट शिंपडत बसू नका. फाइल एकदा साफ करा, पाथवरचे सगळे रंग काढून टाका. एसव्हीजीओ नावाचं साधन आहे, त्यात स्टाइलचे अ‍ॅट्रिब्यूट करून देणारं प्लगइन मिळतं. एक काळजी घ्या: त्याच्या जुन्या आवृत्त्या मूळ सेटिंगमध्ये व्ह्यूबॉक्स (चित्राची आतली मापं सांगणारी नोंद) काढून टाकत. व्ह्यूबॉक्स गेला की नकाशा लहान होत नाही, नुसता कापला जातो, आणि दोष सीएसएसवर येतो.

याच जातीचा दुसरा घोळ म्हणजे ग्रुपला फिल देणं. तुम्ही विदर्भाचा एक ग्रुप केलाय आणि त्याला रंग दिलाय असं लिहिलंत. फिल हा वारशाने उतरणारा गुण आहे, बरोबर. पण पाथवर स्वतःचा फिल अ‍ॅट्रिब्यूट असेल तर वारसा हरतो. अ‍ॅट्रिब्यूटचं वजन शून्य असलं तरी ते त्या पाथचं स्वतःचं आहे, आणि वारसा चालतो तो स्वतःचं काहीच नसेल तेव्हा. म्हणूनच पाथ उघडेबोडके ठेवायचे म्हणतोय. मग विदर्भाला एक, मराठवाड्याला दुसरा असे ग्रुपवर रंग दिले की खाली आपोआप झिरपतात. (फिल कुठेच नसेल तर सगळं काळं दिसेल. घाबरू नका, मूळ किंमतच काळी आहे.)

लोगोचं कारण मजेशीर आहे. इनलाइन केलेल्या एसव्हीजीतला स्टाइल ब्लॉक त्या चित्रापुरता राहत नाही, तो अख्ख्या पानाला लागतो. इलस्ट्रेटर (चित्रं काढायचं आणखी एक सॉफ्टवेअर) क्लासना नावं देतो ती सीएलएस-१, सीएलएस-२ किंवा एसटी०, एसटी१ अशी. प्रत्येक फाइलमध्ये तीच. तुमच्या नकाशातला सीएलएस-१ आणि लोगोतला सीएलएस-१ एकाच पानावर भेटले, आणि जो नंतर आला त्याचं राज्य. माझ्या बाबतीत हे एका निवडणुकीच्या निकालाच्या रात्री झालं. ज्यांच्यासाठी पान करत होतो त्यांच्या लोगोला एका पक्षाचा रंग चढला, आणि फोन आला तो थेट संपादकांचा. त्या रात्री मी नकाशातले क्लास हाताने बदलले. आता एसव्हीजीओचं प्रीफिक्स-आयडीज हे प्लगइन आधीच चालवतो, ते क्लास आणि आयडी दोन्हींना फाइलचं नाव जोडतं. आयडीचंही तेच दुखणं असतं: दोन चित्रांत ग्रेडियंटचा आयडी सारखा असेल तर दुसरं चित्र पहिल्याचा ग्रेडियंट उचलतं, आणि पहिलं डिस्प्ले-नन करून लपवलेलं असेल तर रंगच उडतो.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण हॉवर सुरू झाला की लगेच पुढचे खड्डे लागतील, तेही सांगून ठेवतो.

हॉवरवर जिल्ह्याची सीमा जाड आणि गडद करायला जाल. ती काही बाजूंनी पूर्ण दिसेल, काही बाजूंनी अर्धीच. स्ट्रोक रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा पडतो, आणि फाइलमध्ये नंतर लिहिलेला शेजारी आपला रंग त्याच्यावर ओततो. झेड-इंडेक्स इथे चालत नाही. जो पाथ शेवटी लिहिला तो सगळ्यात वर, रांगोळीत जसा शेवटी टाकलेला रंग वर बसतो तसं. स्क्रिप्टने तो पाथ उचलून शेवटी नेता येतो, पण फोकस सुटतो आणि हॉवर लुकलुकतो. मी करतो ते असं: नकाशाच्या शेवटी एक यूज एलिमेंट (दुसऱ्या आकाराची प्रत दाखवणारा टॅग) ठेवतो, पॉइंटर-इव्हेंट्स नन (म्हणजे माउस त्याला लागत नाही), आणि हॉवर झालेल्या जिल्ह्याचा आयडी त्याच्या एचरेफमध्ये घालतो. म्हणजे त्या जिल्ह्याची प्रत सगळ्यांच्या वर उमटते.

यूज वापरताना मात्र एक मेख आहे. त्याच्या आतली प्रत शॅडो ट्रीमध्ये (पानापासून वेगळ्या, झाकलेल्या रचनेत) असते. यूजला समजा ‘उठाव’ असा क्लास दिलात आणि ‘उठाव या क्लासच्या आतला पाथ’ असा सिलेक्टर लिहिलात तर तो आत शिरत नाही. मूळ पाथला जे नियम लागू होते ते प्रतीलाही लागतात, आणि वरून आत जातो तो फक्त वारसा. कस्टम प्रॉपर्टीही (दोन डॅशने सुरू होणारे, आपण नाव दिलेले गुण) वारशानेच उतरतात, म्हणून त्या आत पोचतात. पाथला लिहायचं ‘स्ट्रोक: व्हार(--सीमा, व्हाइट)’, आणि यूजला ‘--सीमा: ब्लॅक’. मूळ जिल्हे पांढऱ्या सीमेचे राहतात, वरची प्रत काळ्या सीमेची होते. हे कळायला मला दोन दिवस लागले होते, तुमचे वाचोत.

जिल्हा हॉवरवर थोडा मोठा करायचा मोह होईल. स्केल १.०५ दिलात की गडचिरोली जागेवर फुगण्याऐवजी उजवीकडे खाली सरकेल. एचटीएमएलमध्ये ट्रान्सफॉर्मचा केंद्रबिंदू त्या डब्याच्या मध्यभागी असतो, पण एसव्हीजीच्या आतल्या आकारांना तो अख्ख्या चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावरून मोजला जातो. ट्रान्सफॉर्म-बॉक्स: फिल-बॉक्स आणि ट्रान्सफॉर्म-ओरिजिन: सेंटर, या दोन ओळी पाथला द्या. खरं तर नकाशात मोठं करूच नका. सीमा शेजाऱ्यांवर चढते आणि लोक फोन करून विचारतात.

सीमेची जाडी मोबाइलवर बघायला विसरू नका. तुमचा व्ह्यूबॉक्स १००० रुंद आहे आणि फोनवर नकाशाला ३६० पिक्सेल मिळाले, तर १ जाडीची रेघ ०.३६ पिक्सेलची होते, म्हणजे दिसेनाशी. वेक्टर-इफेक्ट: नॉन-स्केलिंग-स्ट्रोक दिलं की रेघ कुठल्याही आकारात तेवढीच राहते. हा गुण वारशाने उतरत नाही. ग्रुपला देऊन उपयोग नाही, प्रत्येक पाथला लागेल असा सिलेक्टर लिहा.

मोबाइलवर हॉवर नसतोच, त्यामुळे क्लिक आणि फोकसलाही तोच रंग द्या. शिवाय अहिल्यानगरचं क्षेत्रफळ सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर आणि मुंबई शहराचं १५७. फोनवर मुंबई शहर बोटाला सापडणं अशक्य. त्याच्यावर एक मोठं वर्तुळ ठेवा, फिल नन, पॉइंटर-इव्हेंट्स ऑल. हे ‘ऑल’ लिहायलाच हवं. एरवी जिथे रंग भरलेला नाही तिथे एसव्हीजी माउसला दादच देत नाही. पोकळ आयकॉनवर हॉवर फक्त रेघेवर लागतो, मधे गेलं की सुटतो, त्याचंही कारण हेच.

जिल्ह्यांची नावं टेक्स्ट एलिमेंटमध्ये असतील तर त्यांना कलर देऊन काही होणार नाही, तिथेही फिलच. नकाशावर नावं पसरट दिसावीत म्हणून लेटर-स्पेसिंग द्यायची इंग्रजी नकाशांची पद्धत आहे. आपल्याकडे ती शिरोरेखा तोडते, ‘ना शि क’ अशी सुटी अक्षरं होतात, तेव्हा शून्यच ठेवा. गडद रंगावर नाव वाचता यावं म्हणून पांढरी किनार द्यायची असेल तर स्ट्रोकसोबत पेंट-ऑर्डर: स्ट्रोक लिहा. नाहीतर किनार अक्षरांच्या वर बसते, आणि शिरोरेखा जिथे एकमेकींत घुसतात तिथे प्रत्येक सांध्यावर उभी चीर दिसते.

फाइल फार मोठी असेल तर मॅपशेपर या नकाशांच्या साधनात मूळ नकाशाची फाइल टाकून रेषा सोप्या करा. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक जिल्हा सोपा करू नका, कारण शेजाऱ्यांची सामाईक सीमा दोन वेगळ्या वळणांनी सोपी होते आणि मधे फटी पडतात. मॅपशेपर सामाईक सीमा एकच धरतं.

आणि हो, पाथ मोजून घ्या. ३६ भरायला हवेत. ३५ भरले तर फाइल १ ऑगस्ट २०१४ च्या आधीची आहे, तिच्यात पालघर अजून ठाण्यातच असेल, आणि तो सीएसएसने वेगळा होणार नाही. आयडी म्हणून जिल्ह्याचं नाव वापरलं असेल तर तेही बदला. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर या तीन नावांवर लिहिलेले सिलेक्टर मला नुकतेच शोधून शोधून दुरुस्त करावे लागले. साधे क्रमांकी कोड ठेवा, नाव टायटल एलिमेंटमध्ये टाका, म्हणजे स्क्रीन रीडरलाही ते वाचता येईल.

एवढं करूनही एखादा जिल्हा ऐकत नसेल तर ब्राउझरमध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा, आणि उजवीकडे कुठला फिल खोडलेला दिसतोय आणि कुठला जिंकलाय ते इथे कळवा.