गोळ्या देऊन थांबलोय, की नुसतेच थांबलोय?

डॉक्टरांना विचारा : या अंकातली उत्तरं सांगलीच्या कर्करोग शल्यचिकित्सक देत आहेत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मार्च २०२० मध्ये आमच्या अण्णांच्या गालाला आतून जखम होती. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. ऑपरेशनची तारीख ३० मार्च मिळाली आणि २५ तारखेपासून लॉकडाऊन लागला. दवाखान्यातून फोन आला, ‘आम्ही कळवू.’ मेमध्ये त्यांनी बोलावलं तेव्हा आम्हीच घाबरलो, दोन आठवडे गेलो नाही. जूनमध्ये ऑपरेशन झालं. तोवर मानेत गाठ आली होती, जबड्याचा भागही काढावा लागला. २०२२ मध्ये दिवाळीच्या तोंडावर अण्णा गेले. आता आईच्या (वय ६९) छातीत गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणतात, गाठ हार्मोनची आहे, रोज एक गोळी घ्या, सहा महिन्यांनी ऑपरेशन करू. मला हे पुन्हा तेच वाटतं. रात्री झोप लागत नाही. वेळेत ऑपरेशन झालं असतं तर अण्णा वाचले असते का? आणि आईसाठी मी थांबू का?

उत्तर : दादा, आधी आईंचं बघू. तिथं अजून सगळं आपल्या हातात आहे.

काही गाठी शरीरातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर वाढतात. पाळी गेल्यावरही ते थोडं थोडं तयार होत राहतं, मुख्यतः चरबीत. आईंना बहुधा लेट्रोझोल किंवा त्याच जातीची गोळी दिली असेल. ती हे तयार होणं रोखते, गाठीची रसद तुटते आणि चार ते सहा महिन्यांत बहुतेक गाठी आक्रसतात. मग ऑपरेशन लहान होतं, कित्येकदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. म्हणजे आईंचे उपचार पहिल्या गोळीपासून सुरू झाले आहेत. ऑपरेशन हा त्यातला पुढचा टप्पा.

२०२० मध्ये हीच गोळी आम्हाला उपयोगी पडली. कवठेमहांकाळकडच्या एक आजी, वय ७२. एप्रिलमध्ये त्यांची गाठ लिंबाएवढी होती. ऑपरेशन थिएटर बंद, एसटी बंद, भाड्याची गाडी काढायची तर रस्त्यात कागद दाखवायचा. मी त्यांना गोळी सुरू केली आणि दर पंधरा दिवसांनी त्यांच्या सुनेशी फोनवर बोलत राहिले. सप्टेंबरमध्ये आजी आल्या तेव्हा गाठ सुपारीएवढी होती. ऑपरेशन झालं. त्या अजून दर सहा महिन्यांनी तपासायला येतात, येताना माझ्यासाठी बेदाणे आणतात.

पण सगळ्याच गाठींना ही गोळी चालत नाही, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तपासणीच्या कागदावर ‘ईआर’ (म्हणजे गाठीतल्या इस्ट्रोजेन पकडणाऱ्या पेशी) समोर किती टक्के लिहिलंय ते बघा. आकडा जितका मोठा तितका गोळीवर भरवसा जास्त. ‘हर-टू’ (गाठ वाढवणारं एक प्रथिन) पॉझिटिव्ह असेल तर विचार वेगळा करावा लागतो, बहुतेक वेळा आधी केमोथेरपी लागते. गोळी सुरू करण्याआधी गाठीचं माप घेऊन ते लिहून ठेवलंय का, तेही विचारा. ते नसेल तर सहा महिन्यांनी गाठ कमी झाली की वाढली, हे कशावरून ठरवणार? सहा-आठ आठवड्यांनी हाताने तपासणी आणि तीन महिन्यांनी सोनोग्राफी ठरवून घ्या. त्या वेळी गाठ वाढलेली दिसली तर सहा महिने पुरे करायचे नाहीत, लगेच ऑपरेशन. आणि गोळीने सांधे दुखायला लागले तर आई ती गुपचूप बंद करतील. आमच्याकडच्या बायका तक्रार करत नाहीत, गोळी बंद करतात. रोज तुमच्यासमोर घ्यायला सांगा.

आता अण्णा.

माझ्याकडून खरं उत्तर हवं म्हणून तुम्ही लिहिलंय, तर सांगते. एका माणसाबद्दल नक्की कुणीच सांगू शकत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सात प्रकारच्या कॅन्सरचा एकत्रित अभ्यास आला. तोंड-घशाचा कॅन्सरही त्यात होता. ऑपरेशनला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका, आधी जेवढा होता त्याच्या ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. म्हणजे शंभरातले आणखी सहा-आठ जण दगावतात असा अर्थ नाही. मूळ धोका ३० असेल तर तो सुमारे ३२ होतो. अण्णांचे दहा आठवडे गेले. गालाचा कॅन्सर थांबत नाही, आणि गाठ मानेत उतरली की तो वेगळा आजार होतो. त्या दहा आठवड्यांनी नुकसान केलं, असंच मला वाटतं. मात्र मार्चमध्ये मानेत हाताला काही लागत नव्हतं म्हणून तिथं काही नव्हतंच, असंही नाही. कित्येकांच्या ग्रंथीत डोळ्याला न दिसणारे कण आधीच पोचलेले असतात. म्हणूनच आम्ही गालाच्या ऑपरेशनमध्ये चांगल्या दिसणाऱ्या मानेतल्या ग्रंथीसुद्धा काढतो.

मग तेव्हा ऑपरेशनं थांबवली का? कारण मार्च-एप्रिलमध्ये आमच्या हातात काहीच माहिती नव्हती. मे महिन्याच्या शेवटी लॅन्सेटमध्ये २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांचा अहवाल आला. ऑपरेशनच्या आगेमागे कोरोना झालेल्यांपैकी २३.८ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले होते, निम्म्यांना फुप्फुसाचा त्रास झाला होता. तोंडाच्या ऑपरेशनमध्ये तर आम्ही सरळ रुग्णाच्या श्वासातच काम करतो, कधी श्वासनलिकेला भोक पाडून नळी घालावी लागते. तपासणीचे किट पुरेसे नव्हते. मिरजेचं सिव्हिल कोरोनासाठी राखून ठेवलं होतं. रक्तदान शिबिरं बंद, रक्तपेढीत बाटल्या नाहीत. व्हेंटिलेटर कुणासाठी ठेवायचा, यावर रोज चर्चा. तुम्ही घरचे दोन आठवडे घाबरलात त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका. तुम्ही ज्याला घाबरलात ते खरोखर घाबरण्यासारखं होतं, आणि ते आकडे वाचून मीही घाबरले होते.

दोष कुठे लावायचा तर तो आधी माझ्यासारख्यांनी आपल्याकडे घ्यावा. माझ्या वहीत तेव्हा २३ नावं होती. मी स्वतः एकेकाला फोन करून तारखा पुढे ढकलल्या, आणि पहिले तीन आठवडे सगळ्यांना एकाच मापाने मोजलं. थायरॉइडच्या मंद गाठीला जे उत्तर, तेच गालाच्या जखमेला. ते चुकलं. थायरॉइडची बाई सहा महिने थांबू शकत होती, हार्मोनच्या गाठीच्या आजींना गोळी होती. गालाच्या माणसाला दुसरं काहीही नव्हतं. त्याला पहिल्या आठवड्यात घ्यायला हवं होतं. एप्रिलच्या मध्यात मी वहीत नावांपुढे लाल खुणा केल्या आणि लाल खुणेची माणसं आधी बोलावली. ऑपरेशन करता येतं हेही तोवर दिसू लागलं होतं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात २३ मार्च ते ३० एप्रिल या दिवसांत ४९४ मोठी ऑपरेशनं झाली आणि त्यात एकही मृत्यू झाला नाही. रुग्ण निवडून, वेगळे ठेवून, माणसांच्या तुकड्या पाडून त्यांनी ते केलं.

देशभरात मात्र घसरण मोठी होती. मार्च ते मे २०२० या काळात राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या ४१ केंद्रांत आदल्या वर्षीपेक्षा नवे रुग्ण ५४ टक्के कमी आले आणि मोठी ऑपरेशनं ४९ टक्के कमी झाली. यातला पहिला आकडा मला जास्त टोचतो. तारीख पुढे गेलेला माणूस निदान कुणाच्या तरी वहीत असतो. जो आलाच नाही, त्याचं काय? २०२१ मध्ये माझ्याकडे एक ट्रकचालक आले. जखम दहा महिन्यांची, तोंड एक बोट उघडत होतं. घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण दिवसभर मास्क आणि रात्री जेवायला एकटे बसायचे. त्यांच्या बायकोने माझ्यासमोर पहिल्यांदा ती जखम पाहिली.

२०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी चढलं, कोरोना होताच, तेव्हा पलीकडच्या वाळव्याकडच्या लाल खुणेच्या रुग्णांना आम्ही पाणी चढायच्या आधीच बोलावून दाखल करून घेतलं. एकाचीही तारीख चुकली नाही. पण हे अण्णांच्या वेळी आम्हाला सुचलेलं नव्हतं, दादा, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आईंची गोळी सुरू ठेवा. तीन महिन्यांच्या सोनोग्राफीचा कागद आला की मला अंकाच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचेन.

प्रश्न : आमच्या मिस्टरांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलंय आणि परवा त्यांना कोरोना निघाला. ताप हलका आहे. किती दिवस थांबायचं? – कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : ताई, २०२१ मध्ये ११६ देशांतल्या एक लाख चाळीस हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. संसर्गानंतर सात आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलेल्यांत मृत्यू जास्त दिसले, म्हणून तेव्हा सात आठवडे थांबत होतो. ते रुग्ण बहुतेक लस येण्याआधीचे. आता लस झालेली असेल, ताप हलका असेल आणि जिना चढताना दम लागत नसेल, तर भूल देणारे डॉक्टर पुष्कळदा त्याआधीच होकार देतात. त्यांना आजच फोन करा. तारीख बदलायची तर नवी तारीख त्याच फोनवर घ्या, ‘कळवू’ वर सोडू नका. आणि या दिवसांत त्यांचं पोट फुगलं, गॅस सुटेना, उलट्या सुरू झाल्या, तर कोरोना असो नसो, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. आतडं बंद झालं तर थांबायला वेळ नसतो.