तळ दिसेनासा झालेला तलाव

प्रश्न : कळंबा परिसरातील आमच्या गृहसंस्थेत 12 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा पोहण्याचा तलाव आहे. मे महिन्यात वळवाचे दोन पाऊस झाले आणि तेव्हापासून पाणी दुधाळ झाले आहे. देखभाल करणारा कामगार एक दिवसाआड दोन किलो टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकतो, परंतु पाणी निवळण्याऐवजी अधिकच पांढरे होते. पंपाची क्षमता ताशी 15 हजार लिटर आहे. वीजबिल आवरण्यासाठी तो रोज तीन तास चालवतो आणि भर म्हणून बोअरचे पाणी सोडतो. तपासणीत सामू (पीएच) 8.2, क्षारता 150, एकूण क्लोरीन 2.1 आणि मुक्त, म्हणजे कशाशीही न बांधलेले, क्लोरीन 0.6 मिलिग्रॅम प्रति लिटर आले. सगळे पाणी उपसून तलाव नव्याने भरावा काय? मुलांचे सुट्टीतील वर्ग चालू आहेत.
— सचिव, एक गृहसंस्था, कोल्हापूर

उत्तर : पाणी उपसू नका, मात्र मुलांचे वर्ग आजच थांबवा. पंचगंगेत किंवा मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या माणसांना पाण्याचा तळ न दिसणे यात काही वावगे वाटत नाही, पण गृहसंस्थेच्या तलावात हाच मोठा धोका आहे, कारण बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही आणि दुधाळ पाण्यात सव्वा मीटर खाली गेलेले मूल काठावरच्या माणसाला दिसत नाही. सर्वांत खोल भागातली तळाची जाळी काठावर उभे राहून स्पष्ट दिसेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये, मग पालकांनी कितीही आग्रह धरला तरी.

उपसण्याला माझा विरोध एवढ्यासाठी की तुमच्या तलावात साधारण 90 हजार लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. एवढे पाणी ओतून देऊन पुन्हा बोअरच्याच जड पाण्याने तलाव भरला आणि त्यात पुन्हा टीसीएल टाकली, तर पंधरा दिवसांत आपण आज आहोत तिथेच येऊ.

आता कारण शोधू. तलावातले पाणी काचेच्या दोन स्वच्छ पेल्यांत घ्या. पहिल्या पेल्यात पांढऱ्या व्हिनेगरचे दहा-बारा थेंब टाकून ढवळा. पाणी पाहता पाहता निवळले, तर पांढरेपणा चुन्याचा आहे. दुसरा पेला रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर दिसला, तर ती वाऱ्यावादळाने आणलेली धूळ आहे. पाणी तसेच धूसर राहिले, तर मेलेल्या शेवाळाचे आणि अंगावरच्या मळाचे अतिसूक्ष्म कण त्यात तरंगत आहेत. हे कण इतके बारीक असतात की स्वतःच्या वजनाने ते खाली बसत नाहीत आणि वाळूच्या गाळणीतूनही निसटतात. तुमचे आकडे पाहता तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या सापडतील असे मला वाटते.

चुन्याचा दोष मी मुख्यतः टीसीएलकडे देतो. या पावडरीत साधारण 33 टक्के उपयोगी क्लोरीन असते आणि बाकीचा बराच भाग न विरघळणारा चुना असतो. ग्रामपंचायतीच्या टाकीवर काम करणारा जुना माणूस पावडर थेट पाण्यात टाकत नाही. ती बादलीत कालवून ठेवतो, चुना खाली बसू देतो आणि वरची निवळीच वापरतो. तुमच्याकडे पावडर सरळ तलावात पडत असेल, तर दर वेळी किलोभर चुना पाण्यात मिसळला जातो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आधीच अधिक असते आणि सामू 8 च्या वर गेला की तेही विरघळलेले राहत नाही, पांढऱ्या धुक्यासारखे बाहेर पडते. शिवाय 8.2 सामूला मुक्त क्लोरीनचा पाचवा हिस्साही जंतू मारणाऱ्या रूपात राहत नाही, तर 7.4 सामूला निम्म्याहून अधिक राहतो. म्हणजे कामगार टाकत होता त्यातले बहुतेक औषध असूनही निकामी होते.

म्हणून पहिले काम सामू उतरवण्याचे. तुमची क्षारता लक्षात घेता 7.4 पर्यंत येण्यासाठी 33 टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे दोन लिटर लागेल, पण ते एका वेळी ओतू नये. हातमोजे आणि चष्मा घालून, अर्धी बादली पाण्यात एक लिटर आम्ल हळूहळू सोडावे, पंप चालू असताना ते खोल बाजूला सर्वत्र फिरवून टाकावे आणि चार तासांनी पुन्हा मोजून उरलेले किती ते ठरवावे. आम्लात पाणी ओतू नये. टीसीएल कालवण्याची बादली आम्लासाठी चुकूनही वापरू नये, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद पंपघरात तो जीवघेणा ठरू शकतो. ही गोष्ट कामगाराला आपण स्वतः उभे राहून समजावून सांगा.

त्याच संध्याकाळी क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा. एकूण क्लोरीनमधून मुक्त क्लोरीन वजा केले की 1.5 उरतात. हे घाम, लघवी आणि मळ यांच्याशी बांधले गेलेले क्लोरीन आहे. ते तोडण्यासाठी त्याच्या दहापट, म्हणजे लिटरला 15 मिलिग्रॅम क्लोरीन लागते. तुमच्या तलावाला त्याचे 1350 ग्रॅम होतात, म्हणजे 10 टक्क्यांचे ताजे सोडियम हायपोक्लोराइट साडेतेरा लिटर. द्रवरूप औषध मी मुद्दाम सुचवतो, कारण त्यात चुना नसतो. सूर्यप्रकाशात क्लोरीन झपाट्याने उडते, म्हणून हे दिवस मावळल्यावरच करावे आणि पंप रात्रभर चालू ठेवावा. क्लोरीन खूप चढलेले असताना सामूच्या चाचणीचा रंग फसवा येतो, त्यामुळे ते उतरल्यावरच सामू पुन्हा मोजावा आणि 7.2 ते 7.6 च्या दरम्यान आणावा.

यानंतर उरलेली धूसरता काढण्याचे काम तुरटीचे. आपल्या जिल्ह्यात ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. उकळत्या रसात भेंडीचा चिकट रस पडला की विखुरलेला मळ एकमेकांना धरतो, मळी होऊन वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. तुरटी पाण्यात तेच करते, फक्त इथे मळी वर न येता खाली बसते. घनमीटरला 20 ते 25 ग्रॅम या हिशेबाने तुम्हाला दोन किलो तुरटी पुरे. ती कुटून पिंपभर पाण्यात पूर्ण विरघळवावी, गाळणीवरचा व्हॉल्व्ह पाणी गाळणीत न जाता नुसते फिरेल अशा खुणेवर ठेवावा, द्रावण सगळीकडे सारखे ओतावे आणि अर्ध्या ते एक तासाने पंप बंद करावा. अधिक ढवळले तर बांधलेले पुंजके पुन्हा फुटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरचे पाणी निवळलेले आणि तळाशी पिंजलेल्या कापसासारखा करडा थर पसरलेला दिसेल. नेमके इथे घाई होते. कामगार ब्रश मारतो किंवा पंप सुरू करतो आणि रात्रभराचे काम पाच मिनिटांत पाण्यात परत मिसळते. तळ ओढायचे व्हॅक्यूमचे डोके अगदी संथ, शेतात नांगर धरावा तसे सरळ पट्ट्यांत फिरवावे आणि तो गाळ गाळणीतून न नेता व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून थेट बाहेर सोडावा, अन्यथा तुरटीचा चिकट लगदा वाळूत बसून तिचे गोळे होतात. यात काही हजार लिटर पाणी जाईल. त्याची भर बोअरऐवजी महापालिकेच्या नळाच्या पाण्याने करता आली तर उत्तम.

मात्र पंप रोज तीन तासच चालणार असेल, तर वरचा सगळा खटाटोप महिनाभरही टिकणार नाही. ताशी 15 हजार लिटरप्रमाणे तीन तासांत 45 हजार लिटर, म्हणजे अर्ध्या तलावाएवढेच पाणी गाळणीतून जाते. सहा तास चालवला तरी सगळे पाणी एकदा गाळले गेले असे होत नाही, कारण गाळलेले पाणी न गाळलेल्यात परत मिसळत असते, त्यामुळे सुमारे 37 टक्के पाणी गाळणीला न शिवता राहते. बारा तासांनी हे प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास येते. सुट्टीच्या दिवसांत, मुलांची गर्दी असताना, बारा तासांना पर्याय नाही, आणि विजेचा खर्च सभासदांसमोर ठेवताना हेच आकडे ठेवावेत. धुतलेल्या गाळणीवर दाबमापक जो आकडा दाखवतो तो भिंतीवर लिहून ठेवा. त्याहून अर्धा बार चढला की काचेतले पाणी स्वच्छ दिसेपर्यंत उलटा प्रवाह सोडून वाळू धुवावी. वाळू पाच-सहा वर्षांत बदलली नसेल, तर झाकण उघडून हात घालून पाहा. चुन्याने धरलेले खडे हाताला लागले तर ती बदलण्याची वेळ झाली आहे.

मुक्त क्लोरीन 3 च्या खाली आल्यावर आणि तळाची जाळी दिसू लागल्यावर वर्ग सुरू करण्यास हरकत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीचे डोळे तलावातून आल्यावर चुरचुरतात आणि पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येतो. क्लोरीन कमी टाकण्यास सांगावे काय?
— एक पालक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही, बहुधा उलट सांगावे लागेल. पुरेसे मुक्त क्लोरीन असलेल्या स्वच्छ पाण्याला वास फारच थोडा येतो. तो उग्र वास आणि डोळ्यांची आग घाम व लघवी यांच्याशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनमुळे होते आणि ते वाढते तेव्हा मुक्त क्लोरीन बहुतेक वेळा कमी पडलेले असते. पिवळा रंग दाखवणारी साधी ओटी चाचणी दोन्ही मिळून एकच आकडा देते, त्यामुळे व्यवस्थापनाला सारे ठीक वाटते. गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी करून मुक्त आणि एकूण असे दोन्ही आकडे फलकावर लिहावेत, अशी मागणी करा. तसेच मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना पाण्यात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ करण्याची आणि मध्येच लघवीला लागल्यास बाहेर येण्याची सवय लावा. डोळे दुसऱ्या दिवशीही लाल राहिले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.