परसातली कोथिंबीर, बेसिल, थाइम, कढीपत्ता हिवाळ्यासाठी कसं टिकवावं?

तुम्ही न्यू जर्सीत राहता आणि ऑक्टोबरात फ्रॉस्ट (रात्रीचं गोठवणारं दव) पडायच्या आत परसातलं सगळं काढून ओव्हनमध्ये वाळवायचं म्हणताय. सगळं वाळवू नका. कोथिंबीर आणि बेसिल वाळवलं की हाती नुसता हिरवा भुसा उरतो, वास केव्हाच उडालेला असतो.

थाइम, ओरेगानो, रोझमेरी यांच्या काड्या कडक आणि पानांत पाणी कमी, म्हणून ही मंडळी वाळवावीत. लहान जुड्या बांधून घरातच सावलीत, वारा खेळेल अशा जागी उलट्या टांगा. ओव्हन नकोच. इथले बरेच ओव्हन १७० फॅरनहाइटच्या खाली जात नाहीत आणि तेवढ्या आचेत पानातलं सुगंधी तेल निघून जातं. पानं कुरकुरीत झाली की अख्खीच बरणीत भरा, चुरडायची ती वापरताना. जिथे ताजं एक मोठा चमचा लागतं, तिथे वाळलेलं एक छोटा चमचा पुरतं. पुदिनाही बरा वाळतो, ताकात छान लागतो.

बेसिल सगळ्यात नाजूक. फ्रॉस्टची वाट बघत बसलात तर एका रात्रीत काळं पडेल, म्हणून ते आधी काढा. पानं उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, म्हणजे रंग टिकतो. मग पिळून, ऑलिव्ह तेलात वाटून आइस ट्रेमध्ये गोठवा. याचा पेस्टो (बेसिलची इटालियन चटणी) करणार असाल तर चीज वापरायच्या वेळी घाला. एक मात्र नक्की पाळा: तेलात बुडवलेली ताजी पानं किंवा लसूण ओट्यावर बाटलीत भरून ठेवू नका. तिथे हवा पोचत नाही आणि बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात. सोशल मीडियावर अशा बाटल्या फार सुंदर दिसतात, पण नको.

कोथिंबीर चिरून, थोडं पाणी घालून, त्याच ट्रेमध्ये. आमटीला, रश्श्याला उत्तम. पोह्यांवर भुरभुरायला मात्र ती लिबलिबीत होते, त्यासाठी मी सरळ इंडियन स्टोअरमधून जुडी आणते.

कढीपत्ता धुऊन अगदी कोरडा पुसा, पानं सुटी करून झिपलॉकमध्ये फ्रीझरला टाका. काळपट दिसेल, पण वास राहतो. वितळू न देता थेट फोडणीत टाका आणि जरा मागे सरा, तडतडतो फार. झाड कुंडीत असेल तर रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की घरात घ्या. पानं गळतील, पाणी कमी करा, वसंतात पुन्हा फुटेल.