गावकीने दंड मागितलाय, भरून मोकळं व्हावं का तक्रार करावी?

भरू नका. उत्तर एवढंच आहे खरंतर, पण तुमच्या प्रश्नातलं ते "घरातले मोठे म्हणतात भरून टाकू, देवाच्याच कामाला जातात ना पैसे" वाचलं आणि डोकं सटकलं, म्हणून लांबण लावतोय. तुमच्या भावाने गावकीला, म्हणजे गावच्या जुन्या पंचमंडळींना, न विचारता बाहेरच्या मुलीशी लग्न केलं, म्हणून शिमग्याला पालखी दारात येणार नाही, वाडीत कोणी बोलणार नाही, आणि दंड भरून देवळात नारळ ठेवला की सगळं माफ. आमच्याकडे कारण वेगळं होतं, बाकी सगळं हेच.

मी दापोली तालुक्यातला. बाबा गेले २०१८ च्या पावसात. मयत पडवीत आणि मागीलदारी बायकांनी आईला पाटावर बसवलेलं, कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला. ज्या आजी दगड घेऊन पुढे होत्या त्यांच्या स्वतःच्या बांगड्या ऐन विशीत फोडलेल्या, वाडीत सगळ्यांना माहीत आहे. ताई मध्ये उभी राहिली, म्हणाली आईच्या हाताला कोणी हात लावायचा नाही. आई स्वतः म्हणत होती जाऊ दे गो बाय, लोकं काय म्हणतील. ताई हलली नाही. बाहेर पावसाने उघडीप दिलेली, तेवढ्यात उरकायचं म्हणून पुरुष घाई करत होते, त्यामुळे त्या दिवशी विषय तिथेच राहिला.

वर्षभर नुसती कुजबुज. पुढच्या गणपतीत गौरी आल्या तेव्हा आई बांगड्या घालून, टिकली लावून शेजारच्या घरी गौरीला हळदकुंकू वाहायला गेली आणि झालं. सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, बैठक बसली. दंड ११ हजार, वर देवासमोर नारळ ठेवून माफी, आणि माफी मागायची आईने! ज्या माणसाचा नवरा गेलाय त्यानेच गावाची माफी मागायची. आम्ही नाही म्हटलं. वाळीत टाकलं असं कोणी तोंडाने म्हणत नाही हां, तुमच्याकडे पण म्हणणार नाहीत. "तुमचं तुम्ही बघा, आमचं आम्ही बघतो" एवढंच म्हणतात.

मग गिरणीवर आई दळण घेऊन गेली की लाईट नाय. ताईकडे शिकवणीला येणारी पोरं एकेक करून बंद झाली. पुढच्या कार्याला मंडळाची भांडी मागितली तर म्हणे दुसरीकडे गेलीयत, आणि खोलीची खिडकी उघडी, भांडी समोर दिसतायत. शहरात बसून लोक म्हणतात "गेले उडत, काय फरक पडतो". पडतो बाबांनो. आमच्याकडे लावणीला माणूस लागतं ते वाडीतलं, अडलेल्या बाईला रात्री डोंगर उतरवून रिक्षापर्यंत न्यायला माणूस लागतं ते वाडीतलं, आणि शेवटी खांदा द्यायला चार जण लागतात ते पण वाडीतलेच. म्हणूनच तर धाक चालतो. २०२० च्या शिमग्याला आईने बेड्यापासून, म्हणजे आवाराच्या फाटकापासून, अंगणापर्यंत सारवलं, रांगोळी घातली, ओटीचं ताट तयार ठेवलं. ढोल जवळ आला, पालखी बेड्यासमोरून पुढच्या घराकडे गेली. नाचवणाऱ्यांत माझा सख्खा चुलत भाऊ होता, त्याने मान पण वळवली नाही.

आता अण्णा. अण्णा म्हणजे थोरले काका, आमच्या मुंबई मंडळाचे, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गाववाल्यांच्या मंडळाचे, जुने पदाधिकारी. त्यांनी आम्हाला न विचारता परळला मंडळाच्या मिटिंगमध्ये आमच्या घराच्या नावाने ११ हजार भरले. आईला कळलं ते गावातून. पावतीवर काय लिहिलंय माहितेय? "मंदिर जीर्णोद्धारासाठी स्वखुशीने देणगी". दंड हा शब्द कुठेच नाही. चाकरमान्यांबद्दल माझं मत यामुळेच वाईट आहे. मुंबईत ऑफिसात साहेब, व्हॉट्सॲपवर महिला दिनाच्या शुभेच्छा, आणि मंडळात हात वर करायची वेळ आली की गावातल्या म्हाताऱ्यांच्या दोन पावलं पुढे.

अण्णांचं म्हणणं आजही एकच, मी मिटवलं म्हणून निभावलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आमचं अर्धं छप्पर गेलं, तेव्हा पत्रे चढवायला वाडीतली पोरं आली, तर अण्णा म्हणतात बघ, दंड भरला नसता तर आली असती का? ह्याचं उत्तर मी त्यांना दर गणपतीत देतो. आली कोण होती अण्णा? बंदरावरचा तो पोरगा आणि त्याचे दोस्त. तो तर बहिष्कार चालू असताना पण रात्री मागच्या दाराला मासळीची पिशवी अडकवून जायचा. ज्यांनी दंड घेतला त्यातला एकजण शिडीवर चढला नाही. आणि दुसऱ्याच वर्षी खालच्या वाडीत एकीचा नवरा गेला, ती पण बांगड्या फोडू देईना, तेव्हा तिला काय सांगितलं? "वरच्या वाडीतल्यांनी पण शेवटी भरलेच ना, तुझं काय वेगळंय?" तिने फोडू दिल्या. तुमच्या घरच्यांना हे सांगा. ११ हजार आमचे गेले, पण त्यांची खरी वसुली तिच्याकडून झाली.

बाकी "पूर्वापार आहे" वगैरे जो कोणी ऐकवेल त्याला आमच्याच तालुक्यातलं मुरुड दाखवा. धोंडो केशव कर्वे तिथले, १८९३ ला त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, विधवेच्या लग्नाला कायदा १८५६ पासून होता तरी गावाने बैठक घेऊन बहिष्कार घातला. १९५८ ला भारतरत्न मिळालं, आणि आता मुरुडची ओळख सांगताना पहिलं नाव त्यांचंच घेतात. आणि बांगड्यांचं म्हणाल तर मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारने बाकी ग्रामपंचायतींना तसंच करा म्हणून परिपत्रक काढलं. मी ते आमच्या ग्रुपवर टाकलं, अण्णांनी वर हात जोडलेला इमोजी टाकला, बस.

तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा आहे, २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ पासून. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि चिथावणी देणारा पण त्यात येतो. पोलिसात जा नाहीतर थेट मॅजिस्ट्रेटकडे, घरातलं दुसरं कोणी पण तक्रार करू शकतं. कोर्टाने केलेला दंड पूर्ण किंवा थोडा तुम्हाला मिळू शकतो. हवालदार सुरुवातीला "गावात मिटवा, मी बोलतो त्यांच्याशी" म्हणेल, तेव्हा कायद्याचं नाव घेऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात "गावकीने त्रास दिला" असं मोघम नको, बैठकीला कोण होतं, कोण काय बोललं, नावं आणि तारखा लिहा. निरोप, व्हॉट्सॲप मेसेज, फोन, सगळं जपून ठेवा. देणगीच्या नावाने पावती देऊ केली तर तिचा पण फोटो काढा.

एक मात्र आहे, गावकी म्हणजे सगळे राक्षस असं मी म्हणत नाही. वादळानंतर रस्त्यावरची झाडं सरकारी माणूस यायच्या आधी ह्याच लोकांनी तोडली. आणि तक्रार केली की सोपं होतं असं पण नाही, खटला उभा राहिला की साक्षीला कोण येणार हा प्रश्न राहतोच, आणि तुमचे आईवडील वयस्कर असून एकटेच गावात राहत असतील तर त्यांच्याकडे रोज जाणारं एखादं माणूस आधी बघा, मग अर्ज द्या. आम्ही तक्रार केली नाही कारण करायच्या आधीच पैसे भरले गेले होते, आईने मग ताईला गप्प केलं.

तुमच्याकडे अजून भरलेले नाहीत. भावाला आणि वहिनीला फोन करून सांगा की घरात असं चाललंय, त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या नावाने एक रुपया पण कोणाला भरू देऊ नका, मुंबईच्या काकांना तर मुळीच नाही.